सैल कपड्यांचे दिवस आलेत, पण या चुका टाळा

बऱ्याच वर्षांनी पुरुषांची फॅशन सोलापूरच्या उन्हाच्या बाजूने झुकली आहे. 2000 नंतर हेदी स्लिमान या डिझायनरने डिओर ओमसाठी काडीसारखे बारीक सूट काढले आणि जगभर कपडे अंगाला चिकटायला लागले. ती लाट आपल्याकडे ‘नॅरो पँट’ म्हणून पोहोचली. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर गेलेला असताना लायक्रा मिसळलेली पँट घालून आपल्या पोरांनी कित्येक उन्हाळे काढले. आता चित्र उलटं आहे: प्लेटच्या, म्हणजे कमरेला चुण्या घातलेल्या सैल पँटी, चौकोनी कटाचे अर्ध्या बाहीचे शर्ट, उघडी कॉलर, लिनन, अस्तराशिवायची जॅकेटं. सगळं हवा खेळवणारं.

तरीही नवी पेठेत संध्याकाळी चक्कर मारली तर नव्या फॅशनमध्ये घामाघूम झालेले लोक दिसतात. कारण साधं आहे. या ट्रेंडमध्ये घेण्यासारखा असतो तो कट, आणि आपण उचलतो रंग, प्रिंट आणि नाव. कापड कोणतं आहे हे तर कुणी बघतच नाही.

दोन साइज मोठा शर्ट म्हणजे ओव्हरसाइज नव्हे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. एम साइजचा मुलगा एक्सएक्सएल टी-शर्ट घेतो आणि घरी आल्यावर मित्र विचारतात, “काय बे, बापाचा घातलास का?” मित्र बरोबर असतात. ओव्हरसाइज म्हणून कापलेल्या टी-शर्टचा खांदा मुद्दाम खाली उतरवलेला असतो, छाती रुंद असते, पण गळा आणि लांबी तुमच्याच मापाची असते. नुसता मोठा साइज घेतला की गळाही मोठा होतो, हाडं दिसतात, आणि शर्ट गुडघ्याकडे निघतो.

ट्रायल रूममध्ये तीनच गोष्टी बघा. गळा मानेला लागून बसतोय का. बाही कोपराच्या आसपास संपतेय का. लांबी पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत आहे का. बाकी रुंदी कितीही असू द्या.

घेऊन चुकला असाल तर लांबी आणि बाही टेलर सहज कमी करून देतो. खांद्याला मात्र हात लावू देऊ नका. खांदा बदलायचा म्हणजे मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती शिवण, उसवायचा, आणि टी-शर्टच्या कापडावर ते काम क्वचितच नीट होतं.

आणखी एक. ‘240 जीएसएम’ (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) असं लिहिलेलं जाड कापड फोटोत झकास दिसतं, कारण ते घडी धरतं. आपल्याकडे ते डिसेंबरात घाला. मार्चपासून पुढे 180 ते 200 च्या दरम्यानचं सुती कापड पुरे. आकार थोडा कमी धरेल, पण दुपारी तीनला सात रस्त्यावर सिग्नलला थांबता येईल.

पँट : खरी गडबड इथे आहे

सैल पँट शोभत नाही असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती चुकीच्या जागी घातलेली असते. नव्या कटाची पँट उंच कमरेची असते. ती बेंबीच्या जवळ बसवायची. आपल्याला गेली पंधरा-वीस वर्षं पँट कमरेच्या हाडाखाली घालायची सवय. मग आसन लोंबतं, बॉटम बुटाखाली येतो आणि माणूस बुटका दिसतो. दोष पँटच्या माथी मारला जातो.

सोलापुरात एक फायदा असा की अजून शिवून घेण्याची पद्धत टिकून आहे. सुटिंगच्या कापडाची दुकानं आहेत, आणि गणवेशांच्या धंद्यामुळे शिलाईचे कारागीर गल्लोगल्ली सापडतात. पण त्याच धंद्यामुळे हात ठरावीक मापांना बसलेले असतात. तुम्ही “सैल ठेवा” म्हणालात तर ऐकणाऱ्याचं सैल आणि तुमचं सैल यात तीन इंचांचा फरक पडतो.

“मामा, बॉटम किती ठेवताय?”
“तुमचं सांगा की. चौदा करू?”

इथे मान डोलावलीत की संपलं. चौदाचा बॉटम, म्हणजे पायाच्या टोकाचा घेर चौदा इंच, ही जुनीच नॅरो पँट. सरळ पडणारी हवी तर सोळा-सतरा, आणि खरोखर रुंद हवी तर अठरा ते वीस सांगा. त्यापेक्षा उत्तम म्हणजे अंगाला पटलेली एक सैल पँट नमुना म्हणून सोबत न्या. शब्दांपेक्षा टेपवर त्यांचा विश्वास जास्त असतो, आणि ते योग्यच आहे.

कापडही थोडं जास्त घ्या. 58 इंच पन्ह्यात नेहमीच्या पँटला सव्वा मीटरच्या आसपास लागतं. दोन प्लेटची रुंद पँट असेल तर दीड मीटर घेतलेलं बरं. कमरेला आणि आसनाला आत माया सोडायला सांगा; लग्नानंतर उपयोगी पडते.

शिवून आलेल्या पँटमध्ये काही बिघडलंय असं वाटलं तर आधी नेमकं काय ते ओळखा:

- प्लेटा उभं असतानाच उघडतात, खिसे कानासारखे बाहेर येतात: सीटला पँट घट्ट आहे. प्लेटा शिवून बंद करू नका, सीट सोडवा.
- पुढे जांघेतून आडव्या सुरकुत्या: मांडी घट्ट किंवा आसनाची उंची कमी. मांडी सोडवता येते. आसनाची उंची मात्र नंतर वाढत नाही.
- पँट नळीसारखी ताठ उभी राहते: कापड चुकलं. जाड ड्रिल किंवा कडक कॉटन अंगावरून मऊ ओघळत नाही. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून काढलेला मऊ धागा) मिसळलेलं किंवा हलकं लोकरी सुटिंग घ्या.
- घोट्याजवळ कापडाचा ढीग जमतो: लांबी बूट न घालता मोजली. ज्या चपला-बुटांवर ती घालणार तेच घालून माप द्या, आणि टाचेमागे जमिनीपासून अर्धा-पाऊण इंच वर संपवा.

ज्यांच्या गाडीची चेन उघडी आहे त्यांनी वीसच्या बॉटमच्या नादाला लागू नये. ग्रीसचा डाग निघत नाही, आणि पँट चेनमध्ये अडकली तर प्रकरण कपड्यावर थांबत नाही.

लिनन म्हणून पॉलिस्टर

‘लिनन फील’, ‘लिनन लुक’, ‘लिनन टच’ असं लेबलावर दिसलं की आतली बारीक पट्टी उलटून वाचा. बऱ्याचदा तिथे पॉलिस्टरच मोठ्या टक्क्यांनी बसलेलं असतं. ते सुरकुतत नाही म्हणून आपण खूश होतो, पण खरं लिनन सुरकुततंच. सुरकुती नको असेल तर लिनन घेऊच नका, सुती पॉपलिन घ्या; त्यात कमीपणा काही नाही.

कापड सुटं घेत असाल तर दुकानदाराकडे दोन धागे मागा. ते चिमट्यात धरून, वाऱ्यापासून आणि कापडाच्या गठ्ठ्यांपासून लांब, पेटवून बघा. सुती किंवा लिननचा धागा कागदासारखा जळतो आणि चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी राहतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं.

शिवायला टाकण्याआधी लिनन आणि सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटणं नेहमीचं आहे, आणि 28 इंचांच्या शर्टात ते इंच-सव्वा इंच होतं. शिवल्यावर आटलं तर टेलरशी भांडून उपयोग नाही.

लिननला कडक स्टार्चची सवय लावू नका. ताठ घडीवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरली की धागे तिथेच तुटतात. ओलसर असताना गरम इस्त्री करा.

थंडीचे कपडे लग्नाच्या मेमध्ये

मिलान आणि पॅरिसमध्ये पुरुषांच्या कपड्यांचे मोठे शो जानेवारीत आणि जूनमध्ये होतात. जानेवारीत दाखवतात ते येणाऱ्या थंडीचे कपडे, जूनमध्ये पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचे. रीलमध्ये हा फरक कुणी सांगत नाही. मग जानेवारीत बघितलेलं मखमली, भरलेल्या खांद्यांचं जॅकेट आपल्याकडे एप्रिलच्या दुपारच्या मुहूर्तावर अवतरतं. नवरदेव हॉलच्या पंख्याखाली, वऱ्हाड जेवायला.

जोधपुरी किंवा इंडो-वेस्टर्न शिवताना वरच्या कापडाइतकंच अस्तर विचारा. वर रेशमी कॉटन आणि आत पॉलिस्टरचं अस्तर म्हणजे प्लास्टिकची पिशवी. अर्धं अस्तर लावा, तेही सुती किंवा व्हिस्कोसचं. भाड्याने घेत असाल तर खांदा जुळतोय का तेवढंच आधी बघा. कंबर आत घेता येते, बाही कमी होते, खांदा मात्र जसा आहे तसाच राहतो.

तयार ब्लेझरच्या पाठीच्या फाटीवर फुलीचे कच्चे टाके असतात, बाहीवर ब्रँडची पट्टी असते. दोन्ही दुकानातून ग्राहकाकडे येईपर्यंतचे. कापून टाका. स्वस्त ब्लेझर घरी धुऊ नका: आतलं चिकटवलेलं फ्यूजिंग, म्हणजे आकार धरणारं कापड, सुटतं आणि कॉलरच्या पट्टीवर फोड येतात, जे पुन्हा बसत नाहीत.

पायात काय

जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला उतरवल्या, मूळ कारागिरीचं नावही न घेता, आणि मग जो गदारोळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल. फार कमी लोकांच्या लक्षात असतं की 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे. सैल प्लेटच्या पँटखाली ही चप्पल बुटापेक्षा बरी दिसते आणि पाय उकडत नाहीत. चूक होते ती रेक्झिनची नक्कल घेण्यात. उलटी करून तळ बघा. तळही चामड्याचाच हवा. नवी चप्पल चावत असेल तर पट्ट्यांना तेल लावून रात्रभर ठेवा, आणि पावसात घालू नका.

धुलाई

सोलापुरात पांढऱ्याला मान आहे. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्यांची बाराबंदी पांढरी, पुढाऱ्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट पांढरा, आणि आता फॅशनमधला उघड्या कॉलरचा शर्टही पांढरा किंवा मोतिया. पण बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी घासली की क्षार आणि साबण मिळून धाग्यावर राखाडी थर बसतो. त्यासाठी डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड वापरा, आणि शेवटचं खळबळणं जमलं तर नळाच्या पाण्यात करा. काखेतले पिवळे डाग घाम आणि डिओतल्या ॲल्युमिनियममुळे पडतात. क्लोरीनच्या ब्लीचने ते आणखी पिवळे होऊ शकतात. बेकिंग सोड्याचा लेप अर्धा तास ठेवून मग धुवा.

गडद रंगाचा नवा शर्ट मिठाच्या पाण्यात बुडवला की रंग पक्का होतो, ही घरोघरची समजूत आजच्या रंगांच्या बाबतीत खरी नाही. पहिली दोन-तीन धुणी वेगळी, थंड पाण्यात, उलटा करून, आणि वाळत सावलीत.