विमान आदळल्यानंतर वैमानिकांचे तर्क कसे पारखावेत
एखादे प्रवासी विमान उतरताना आदळले की चौकशीचा अहवाल येण्याआधीच अनुभवी वैमानिक कारणांविषयी बोलू लागतात. त्यांचे बोलणे ऐकण्यासारखे असते, कारण शेवटच्या दोन मिनिटांत कॉकपिटमध्ये काय काय बिघडू शकते हे त्यांना ठाऊक असते. परंतु नेमके काय बिघडले हे सांगण्याचे साधन त्या घटकेला त्यांच्याकडेही नसते. म्हणून त्यांच्या प्रत्येक तर्कापुढे पहिला प्रश्न हा ठेवावा, की यातले दिसलेले किती आणि जोडलेले किती?

१७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७७७ लंडनच्या हीथ्रो विमानतळावर धावपट्टीच्या सुमारे ३३० मीटर अलीकडे गवतावर आदळले. विमानातील १५२ जणांपैकी कोणीही दगावले नाही. त्यानंतर इंधन संपले असावे, पक्षी इंजिनात शिरले असावेत, इंधन गोठले असावे, संगणकप्रणाली चुकली असावी, इतकेच नव्हे तर जवळून जाणाऱ्या पंतप्रधानांच्या ताफ्यातील उपकरणांनी विमानाच्या यंत्रणेत व्यत्यय आणला असावा, असे तर्क झाले. अशा वेळी एकेक तर्क घेऊन तो खरा असता तर कोणती खूण मागे राहिली असती हे विचारावे आणि ती खूण शोधावी. इंधन संपले म्हणावे, तर टाक्यांत साडेदहा टन इंधन शिल्लक होते. गोठले म्हणावे, तर उड्डाणात त्याचे तापमान उणे ३४ अंशांपर्यंतच उतरले होते आणि तपासणीत त्याचा गोठणबिंदू उणे ५७ अंश निघाला. गोठण्याचा तर्क चुकला, तरी मला तो या सगळ्यांत उत्तम वाटतो, कारण त्याला मोजमापाने तपासता येत होते आणि थंडीकडे बोट दाखवून त्याने शोधाची दिशा योग्य ठेवली.

दुसरे म्हणजे घटनांचा क्रम सेकंदांच्या हिशेबाने मांडावा. या उड्डाणात सुमारे ७२० फुटांवर ऑटोथ्रॉटलने, म्हणजे इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेने, जोर वाढवण्याची आज्ञा दिली. आधी उजव्या इंजिनाचा जोर घटला आणि सुमारे सात सेकंदांनी डाव्याचा. दोन्ही इंजिने चालूच होती, मात्र त्यांना पुरेसे इंधन पोहोचत नव्हते. ‘इंजिने बंद पडली’ आणि ‘इंजिनांनी जोर दिला नाही’ ही दोन वाक्ये बोलण्यात सहज एकमेकांच्या जागी येतात, पण त्यांतून निघणारी कारणे अगदी वेगळी असतात. इंजिनांच्या उच्चदाब इंधनपंपांच्या आत इंधन अपुरे पडल्याच्या ताज्या खुणा सापडल्या, तेव्हा हा फरक किती महत्त्वाचा होता ते स्पष्ट झाले.

वरवरच्या साम्यावरही विसंबू नये. ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एशियाना एअरलाइन्सचे बोइंग ७७७ धावपट्टीअलीकडच्या समुद्रभिंतीवर आदळले, त्यात तीन जणांचा मृत्यू झाला. विमान त्याच जातीचे, तेही धावपट्टीपर्यंत न पोहोचता टेकलेले. पण येथे इंजिने धडधाकट होती, वेग घसरत गेला आणि तो ऑटोथ्रॉटल सांभाळत नसल्याचे वेळेवर ध्यानात आले नाही.

सर्वांत जपून ऐकावा तो माणसाविषयीचा तर्क. हीथ्रोच्या कप्तानाने जमीन समोर दिसत असताना फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या झडपा, ३० वरून २५ वर आणून हवेचा विरोध कमी केला, त्यामुळे विमान पुढचे अँटेना ओलांडून पलीकडे पोहोचू शकले. तरीही तो ऐन वेळी गोठून गेला अशी कुजबुज झाली, ती त्याला फार सोसावी लागली. अंतिम अहवाल येण्यास २०१० उजाडले.

अहवालानुसार दीर्घ थंड प्रवासात नळ्यांमध्ये साचलेला इंधनातील पाण्याचा बर्फ सुटून इंजिनाच्या इंधन-तेल उष्णता विनिमयकाच्या, म्हणजे गरम तेलाची उष्णता इंधनाला देणाऱ्या उपकरणाच्या, तोंडाशी अडकला होता. दरम्यान नोव्हेंबर २००८ मध्ये शांघायहून अटलांटाला निघालेल्या दुसऱ्या एका ७७७ च्या इंजिनाचा जोर उंचावर असाच घटला, पण वैमानिकांनी थ्रॉटल (जोर कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण मागे घेतल्यावर थंड इंधनाचा ओघ कमी झाला, बर्फ वितळला आणि इंजिन सावरले. पुढे त्या विनिमयकातील नळ्यांची किंचित बाहेर आलेली टोके पृष्ठभागाशी सपाट करण्यात आली.