टॅप करून पैसे दिल्यावर मिळालेली पावती कशी वाचावी

कार्ड किंवा फोन मशीनला टेकवला, पैसे गेले, पावती हातात आली. रक्कम बरोबर असते, पण खाली भलतंच काही छापलेलं दिसतं आणि मनात पाल चुकचुकते: पिन तर टाकलाच नाही, मग पडताळणी कोणी केली? पावती या क्रमाने वाचा.

१. आधी 'अप्रूव्ह्ड' शब्द शोधा. व्यवहार मंजूर झाला की नाही हे तिथेच कळतं. जवळच ६ अक्षरांचा ऑथ कोड असतो. बँकेने मंजुरी देताना दिलेला तो क्रमांक. 'डिक्लाइन्ड' असेल तर व्यवहार झालेला नाही, बाकी काहीही छापलेलं असो.

२. मग पडताळणीची ओळ बघा. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पैसे गेले की नाही हे ही ओळ सांगत नाही. कार्ड वापरणारा माणूस कसा ओळखला, एवढंच ती सांगते. 'नो सीव्हीएम' (सीव्हीएम म्हणजे कार्डधारकाची ओळख पटवण्याची पद्धत) किंवा 'पिन नॉट रिक्वायर्ड' म्हणजे रक्कम पिनशिवाय चालणाऱ्या मर्यादेच्या आत होती, म्हणून काही विचारलं नाही. यात चूक काही नाही. 'पिन व्हेरिफाइड' असेल तर तुम्ही मशीनवर टाकलेला पिन बँकेने तपासला. फोन किंवा घड्याळ वापरलं असेल तर 'व्हेरिफाइड बाय डिव्हाइस' किंवा 'सीडीसीव्हीएम' दिसेल: बोटाचा ठसा, चेहरा किंवा पासकोड तुमच्या फोननेच तपासला आणि तसं मशीनला कळवलं. अशा पावतीवर सहीची जागा रिकामी राहिली तरी बिघडत नाही. मात्र पिन टाकलेला नसताना 'पिन व्हेरिफाइड' आलं, तर ती पावती खरंच तुमचीच आहे का, हे तिथल्या तिथे विचारा.

३. शेवटचे चार आकडे जुळत नाहीत? फोनने पैसे दिले असतील तर घाबरू नका. फोनमध्ये कार्डाचा खरा क्रमांक न ठेवता त्याच्या जागी दुसरा क्रमांक ठेवतात, त्याला टोकन म्हणतात. पावतीवर बहुधा टोकनचेच शेवटचे चार आकडे छापले जातात. वॉलेट ॲपमध्ये त्या कार्डाचा तपशील उघडा, तिथे ते दिसतील. वस्तू परत करायला जाताना हे फार उपयोगी पडतं: दुकानदार कार्ड मागतो, आकडे जुळत नाहीत आणि वाद सुरू होतो. ज्या फोनने पैसे दिले तोच पुढे करा, आणि टोकनचे आकडे दाखवा.

४. 'एआयडी', 'टीव्हीआर', 'टीएसआय' सोडून द्या. कोणत्या कंपनीचं कार्ड आहे आणि मशीनने कोणत्या तपासण्या केल्या, याच्या त्या तांत्रिक नोंदी आहेत. त्यातून तुमचा पिन कोणाला कळत नाही.

५. आरआरएन जपून ठेवा. हा १२ अंकी संदर्भ क्रमांक. खात्यातून दोनदा पैसे गेल्यासारखं वाटलं, तर दोन्ही नोंदींचे आरआरएन ताडून बघा. वेगळे असतील तर ते दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. त्यातली एखादी नोंद 'पेंडिंग' असेल तर ती आपोआप परत फिरू शकते, म्हणून थोडं थांबा. पावतीचा कागद उष्णतेने छापणारा असतो, अक्षरं पुसट होत जातात, तेव्हा मोठ्या खरेदीच्या पावतीचा लगेच फोटो काढा. बँकेत तक्रार करताना तारीख, रक्कम, ऑथ कोड आणि आरआरएन द्या. पिन किंवा ओटीपी कोणालाही सांगू नका, बँकेच्या माणसालाही नाही.