‘क्लॉ’ला मराठीत काय म्हणाल?

मुलांसाठीच्या प्राण्यांवरच्या पुस्तकांची मुद्रितं मी गेली १८ वर्षं तपासते. इंग्रजीवरून आलेल्या मजकुरात एक चूक हमखास सापडते. ‘क्लॉ’ दिसला की लिहिणारा सरसकट ‘पंजा’ लिहून मोकळा होतो. वाघाचा पंजा, गरुडाचा पंजा आणि खेकड्याचाही पंजा! खेकड्याला बोटं नसतात हो. मराठीने या एका शब्दाचं काम चार-पाच शब्दांत वाटून दिलंय. त्यातला नेमका कसा उचलायचा, ते माझ्या पद्धतीने सांगते.

आधी दोन प्रश्न विचारा: अवयव कोणाचा, आणि तो आत्ता काय करतोय?

पंजा आणि नख यांतला फरक घरातल्या मांजराकडून शिका. आमची मनी मांडीवर पेंगत असली की मी तिचा पुढचा पाय हातात घेते आणि बोटाखालची गादी हलकेच दाबते. आत दडलेलं नख सुळकन बाहेर येतं. गादीसकट, बोटांसकट सगळा मिळून झाला पंजा आणि बाहेर डोकावलं ते नख. ‘पंजा’ फारसीतल्या ‘पंज’वरून, म्हणजे पाचावरून आलाय. पत्त्यातला पंजा तोच. म्हणून पंजा म्हटलं की डोळ्यांपुढे पसरलेली बोटं येतात. (मांजराच्या मागच्या पायांना मात्र चार-चारच नखं, एकूण १८.) मनीने पंजा मारला तर नुसती चापट बसू शकते, नख मारलं तर ओरखडा उठतोच. ‘वाघाने पंजे आत ओढून घेतले’ हे वाक्य माझ्या नजरेखालून एकदा छापून गेलं, त्याची रुखरुख अजून आहे. आत जातात ती नखं. कुत्र्याला ती आत घेता येत नाहीत, म्हणून कुत्रा फरशीवरून चालला की टकटक ऐकू येते आणि मांजर कधी मागे येऊन बसलं ते कळतही नाही.

शिकारी पक्ष्यांसाठी माझा आवडता शब्द ‘नखी’. घार उंदीर उचलते ती नख्यांत. वळलेली, टोकदार, रुतणारी वस्तू या शब्दात बरोब्बर दिसते. सतार वाजवताना बोटात घालतात त्या तारेलाही नखीच म्हणतात.

आता नांगी. इथे घाई करू नका.

माझी मावशी मालवणची. तिच्याकडे खेकडा म्हणजे कुर्ली, आणि नांग्या म्हणजे डेंगे. जिवंत कुर्ली ती मागच्या बाजूने धरते, कारण पुढचा डेंगा तिथवर पोचत नाही. खेकड्याचे दहा पाय, त्यातली पुढची जोडी म्हणजे या नांग्या. जवळून बघा: नांगीचा खालचा दात स्थिर असतो, वरचा उघडतो-मिटतो. म्हणजे ती सांडशी आहे, पंजा नव्हे. बारके पाय मावशी वाटून, गाळून त्यांचा रस कालवणात घालते. डेंग्यांवर मात्र वरवंट्याचा एकच हलका ठोका. ‘फोडू नको गो, नुसते तडकव,’ असं ती मला दरवेळी बजावते, कारण मसाला आत शिरायला हवा आणि मांस बाहेर यायला नको.

पण विंचवाकडे गेलात की हाच शब्द जागा बदलतो. विंचवाची नांगी म्हणजे शेपटीच्या टोकाचा डंख. ‘नांगी टाकली’, म्हणजे हार मानली, तो वाक्प्रचारही शेपटीचाच. त्यामुळे ‘विंचवाने नांगीत किडा पकडला’ असं लिहिलं तर मराठी वाचक अडखळतो. मी असं करते: ‘विंचवाने पुढच्या चिमट्यांत किडा धरला आणि नांगी मारली.’

वाघनख हा शब्द दोन वस्तूंसाठी आहे. एक खरं, वाघाचं. पूर्वी ते सोन्याचांदीत मढवून मुलांच्या गळ्यात घालत. वन्यजीव कायदा १९७२चा, त्यामुळे आजच्या काळातल्या गोष्टीत बाळाच्या गळ्यात ते सहज घालू नका. दुसरं, मुठीत लपवायचं पोलादी हत्यार. १० नोव्हेंबर १६५९ची प्रतापगडाची भेट आपल्याला त्याच्यामुळेच पाठ असते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्यात मांडली गेली, तेव्हा ‘अफझलखानावर चालवलेली हीच’ असं अनेकांनी लिहिलं. तसं ठाम लिहू नका. त्या म्युझियमनेही ते सिद्ध झाल्याचं म्हटलेलं नाही.

क्रियापदंही प्राण्याप्रमाणे निवडा. मांजर बोचकारतं, कोंबडी उकिरडा उकरते, अस्वल वारूळ उकरतं, चिडलेलं पोर ओरबाडतं. ‘गळ्याला नख लावणे’ म्हणजे जीव घेणे, ते ओरखड्यासाठी वापरायचं नाही.

वस्तूंचं सोपं आहे. केसांना लावायचा तो क्लचर. सुताराच्या हातातली ती खिळे उपटायची हातोडी. माती उपसणाऱ्या यंत्राचा मात्र पंजाच, तिथे तो शोभतो.

आणि शब्द ठरला तरी एकदा चित्राकडे बघा. गेल्या महिन्यात फिडलर खेकड्याच्या नराखाली ओळ आली होती, ‘मोठमोठे पंजे उगारलेला खेकडा’. या नराची एकच नांगी अवाढव्य असते, दुसरी चिमुकली. मी ओळ केली: ‘एक भलीमोठी नांगी उगारलेला नर.’