एकच खण आवरा, अख्खं घर नको

घर आवरायला घेतलं की बहुतेक जण पहिल्याच पायरीवर फसतात: अख्खं कपाट पलंगावर रिकामं करतात. तासाभरात दमायला होतं आणि झोपायच्या वेळी तो ढीग जसाच्या तसा परत आत कोंबला जातो. त्यापेक्षा एकच खण घ्या. १५ मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की थांबा, खण अर्धाच झाला असला तरी.

वस्तू हातात घेऊन "ही कधी लागेल का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "हो" असंच येतं. "ही लागली तर मी आधी कुठे शोधेन?" असं विचारा. मनात पहिली येईल तीच तिची जागा. कात्री स्वयंपाकघरात शोधली जात असेल तर तिथेच राहू दे, शिवणाच्या डब्यात जास्त शोभत असली तरी.

कुठल्या फोनचा ते न कळणारा चार्जर, कुठल्या कुलपाची ते न आठवणारी किल्ली, अशा वस्तूंवर अडून बसू नका. त्या एका खोक्यात टाका आणि वर आजची तारीख लिहा. सहा महिन्यांत खोकं उघडावं लागलं नाही, तर त्या काढून टाकताना जीव अडकत नाही. महत्त्वाचे कागद मात्र त्यात नकोत. पावत्या, वॉरंटी कार्डं, दाखले यांना एकच फाइल पुरे, आत विभाग केले नाहीत तरी चालेल.

आणि सुरेख डबे, टोपल्या आधीच विकत आणू नका. काय उरतंय हे कळल्याशिवाय मापं ठरत नाहीत. तोवर बुटांची रिकामी खोकी उत्तम चालतात.