जीपीआरने जमिनीखालचा पाइप शोधताय? या चुका टाळा

जीपीआर म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडून खालचं दाखवणारं रडार. त्याच्या स्क्रीनवर उपड्या वाटीसारखा वक्र दिसला की लोक लगेच खडूने फुली मारतात, "इथे एक मीटरवर पाइप" सांगून मोकळे, आणि मग जेसीबीचा दात साठ सेंटीमीटरवरच पाइपात घुसतो. मशीनचा काही दोष नसतो हो, ते फक्त वेळ मोजतं. पल्स खाली जाऊन आपटून परत यायला 20 नॅनोसेकंद लागले एवढंच त्याला कळतं, खोली निघते ती तुम्ही भरलेल्या वेगावरून. हवेत हा वेग नॅनोसेकंदाला 30 सेंमी. मातीचा डायइलेक्ट्रिक (माती लहरीला किती मंदावते तो आकडा) 9 असेल तर त्याच्या वर्गमूळाने भागा, 10 सेंमी येतात, आणि तीच माती भिजून आकडा 25 वर गेला की फक्त 6. वेळ जाण्यायेण्याचा, म्हणून अर्धाच धरा. म्हणजे त्याच 20 नॅनोसेकंदात एकदा 1 मीटर, एकदा 60 सेंमी! उन्हाळ्यातली सेटिंग पावसाळ्यात तशीच ठेवायची नाही ती यासाठी.

वक्राच्या पसरटपणावरून वेग काढता येतो पण पाइपला काटकोनात ओलांडलं असेल तरच, तिरकं गेलात की वक्र पसरतो, वेग जास्त येतो आणि खोलीही. जवळ चेंबर असेल तर झाकण उघडून टेपने खरी खोली घ्या आणि वेग त्यावरून ठरवा, पण पाइपच्या माथ्यापर्यंत मोजा, रडारला दिसतो तो माथा. मायग्रेशन (पसरलेला वक्र परत एका बिंदूत गोळा करणारी प्रोसेसिंग) केल्यावर वक्राची टोकं वर वळली तर वेग जास्त भरलाय, खालीच झुकलेली राहिली तर कमी.

वक्र बसवताना वेग 30 च्या, म्हणजे हवेतल्या वेगाच्या आसपास आला तर ते जमिनीतलं नाहीच, वरची तार नाहीतर बाजूचा खांब आहे.

बॅकग्राउंड रिमूव्हल (सगळीकडे सारखं दिसणारं पुसणारा फिल्टर) जपून. आडवे पट्टे जातात, चित्र छान दिसतं, पण तुम्ही मशीन ज्या रेषेत चालवता तिलाच समांतर पाइप असेल तर तोही पट्टाच दिसतो आणि पुसला जातो, म्हणून ग्रिड दोन्ही दिशांनी मारा.

आणि आपली काळी माती. ओली चिकणमाती वीज वाहून नेते, सिग्नल वरच्या वरच खाऊन टाकते, गेन (सिग्नल मोठा करायची सेटिंग) कितीही वाढवा, खालचा नॉइजच मोठा होतो. 400 मेगाहर्ट्झचा अँटेना काढून 200 चा लावला तर थोडा फरक पडेल, जादू नाही. तिथे धातूच्या लाइनीला सरळ पाइप लोकेटर लावा, प्लास्टिकची असेल तर हाताने चर खणा.