तीन पत्ती येते, आता ऑनलाइन पोकर कसा खेळायचा

आधी कायद्याचं उरकून घेऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि त्यात पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन गेम बंद केले, मग तो गेम डोक्याचा असो की नशिबाचा. म्हणजे भारतात बसून ॲपवर खऱ्या पैशाचा पोकर हा विषय संपला. कोणी म्हणेल व्हीपीएन लाव आणि बाहेरच्या साइटवर खेळ, तर त्याच्या नादी लागू नका, पैसे अडकले तर दाद मागायला जागाच नाही. फुकट चिप्सची टेबलं आहेत आणि शिकायला ती भरपूर झाली. लंडन किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर तिथे लायसन्सवाल्या साइट आहेत, ते तुमचं तुम्ही बघा. आणि खाली जे लिहिलंय ते सगळं नो लिमिट टेक्सस होल्डेमचं आहे, म्हणजे हातात दोन पत्ते, टेबलवर सगळ्यांसाठी पाच: आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर).

गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळून तयार झालेली मंडळी पहिल्यांदा आपटतात ती कुठला हात मोठा यावर. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, इथे बरोबर उलटं, फ्लश म्हणजे आपला कलर हा स्ट्रेटला म्हणजे सिक्वेन्सला मारतो. उगाच नाही बदललेलं, तीन पत्त्यांत सिक्वेन्स ७२० प्रकारे बनतो आणि कलर १०९६ प्रकारे, पण पाच पत्ते घेतले की सिक्वेन्स १०२०० प्रकारे आणि कलर फक्त ५१०८, जे दुर्मिळ ते मोठं एवढंच. आणि तीन एक्के आले म्हणून नाचू नका, तो तीन पत्तीतला ट्रेल, इथे साधा सिक्वेन्ससुद्धा त्याच्या वर जातो.

आता मुख्य गोष्ट, जी कोणालाच आवडत नाही: बहुतेक हात पॅक करायचे. सहा जणांच्या टेबलवर पाचातले चार हात तरी फोल्ड, म्हणजे पॅक, झालेच पाहिजेत, नऊ जण असतील तर अजून जास्त. सुरुवातीला बोलायची पाळी असेल तर मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एकाच रंगाचे एक्का-गुलाम किंवा राजा-राणी, बस. राजा आणि चौकी दोन्ही बदामचे आहेत म्हणून लोक आत घुसतात, अरे एका रंगाचे असल्याने जिंकायची शक्यता दोन-तीन टक्क्यांनीच वाढते आणि फ्लॉपवर थेट फ्लश लागायचा चान्स एक टक्कासुद्धा नाही. छोटी जोडी आली तर स्वस्तात फ्लॉप बघा, साधारण साडेआठ वेळांतून एकदा तिसरा पत्ता लागतो, नाही लागला आणि समोरून दम दिसला तर सोडा.

बसायची जागा हा दुसरा मुद्दा आणि तीन पत्तीवाल्यांना याची सवयच नसते. डीलर बटन ज्याच्यासमोर असतं तो फ्लॉपनंतर प्रत्येक राउंडला शेवटी बोलतो, म्हणजे बाकीच्यांनी काय केलं ते बघून ठरवतो. म्हणून बटनवर असाल तर थोडे ढिले हातही चालतात, दश्शी-गुलाम एका रंगाचे, एक्का-पंजी एका रंगाचे वगैरे, आणि तेच हात पहिल्या जागेवरून खेळलात तर मागचे सगळे मिळून तुम्हाला कापतील.

खेळायचा ठरवला तर रेझ करून (रक्कम वाढवून) या, नुसता कॉल करून (समोरच्याइतकंच भरून) नको. बिग ब्लाइंडच्या (पत्ते वाटायच्या आधी एकाला भरावी लागणारी ठरलेली रक्कम) अडीच-तीन पट नेहमीचं, आधी कोणी कॉल करून बसलं असेल तर प्रत्येकामागे एक बिग ब्लाइंड वाढवा. हे का, तर एक्क्यांची जोडी घ्या, जी २२१ हातांतून एकदा येते. एकाच्या विरुद्ध, त्याचे पत्ते काहीही असोत, ती साधारण ८५ टक्के वेळा जिंकते पण समोर पाच जण आत आले की तीच ४९ टक्क्यांवर येते, म्हणजे टेबलवरचा सगळ्यात भारी हात आणि तरी निम्म्या वेळा हरणार. गर्दी कमी करा.

आता गणित, घाबरू नका, पाढे पुरे आहेत. समजा तुमच्याकडे बदामचा एक्का आणि बदामची नव्वी, फ्लॉपवर दोन बदाम. बाहेर नऊ बदाम उरले, प्रत्येकाचे साधारण दोन टक्के धरा, नऊ गुणिले दोन अठरा, म्हणजे पुढच्या एका पत्त्यात लागायचा चान्स साधारण १८-१९ टक्के. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) २०० आहेत आणि समोरच्याने १०० लावले. तुम्ही १०० घालून एकूण ४०० साठी खेळताय, म्हणजे २५ टक्के चान्स हवा, तो नाहीये. त्याने ५०च लावले असते तर ५० घालून ३०० साठी, १७ टक्के पुरतात, कॉल. पुष्कळ जण नवाला चारने गुणून ३५-३६ टक्के धरतात आणि बिनधास्त कॉल मारतात, पण ते फक्त तेव्हाच बरोबर जेव्हा कोणीतरी ऑल-इन आहे (सगळ्या चिप्स लावून बसलाय) आणि दोन्ही पत्ते अजून काही न भरता बघायला मिळणार आहेत, नाहीतर टर्नवर तो परत पैसे मागणारच ना. हां, फ्लश लागल्यावर समोरचा अजून बरंच देईल असं वाटत असेल तर थोडा तोट्यातला कॉल चालतो, पण हे कारण दर हाताला सांगू नका.

ब्लफबद्दल माझं मत सरळ आहे, फुकट टेबलवर मारूच नका. तिथे कोणी फोल्ड करत नाही, तळाची जोडी घेऊन लोक शेवटपर्यंत बघायला येतात, कारण चिप्स उद्या परत मिळणार असतात. मग याचाच फायदा घ्या, चांगला हात असला की पॉटच्या दोन तृतीयांश लावत राहा, ते भरत राहतील. थोड्या मोठ्या ब्लाइंडच्या फुकट टेबलवर गेलात तर जरा शहाणी माणसं भेटतात. ॲप चिप्स विकायला बघतं, त्या घेऊ नका, त्यांचे परत पैसे होत नाहीत.

बाकी बारीकसारीक: एकच टेबल उघडा. नेटवर्क लटकलं आणि वेळ संपला की भरलेल्या पॉटमधूनही हात फोल्ड होतो, म्हणून लोकलमध्ये खेळू नका. प्लेयरच्या नावावर नोट टाकायची सोय असते, कोण काहीही घेऊन कॉल करतो ते लिहून ठेवा. हरलेले मोठे हात हँड हिस्टरीत (ॲपमधल्या खेळलेल्या हातांच्या नोंदीत) जाऊन परत बघा, आणि जिंकलेलेही, कारण चुकीचा कॉल करून नदीवर, म्हणजे रिव्हरला, लागलेला पत्ता काही शिकवत नाही.

आणि कधी गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत समोरासमोर बसायची वेळ आली (२१ पूर्ण लागतात), तर तासाला जेमतेम २५-३० हात मिळतात, ऑनलाइनच्या निम्मे. तिथे चिप टाकायच्या आधी तोंडाने ‘रेझ’ म्हणा, न बोलता एकच मोठी चिप पुढे सरकवली तर ती कॉल धरतात.