समीकरण बघून रेट लॉ लिहू नका: कायनेटिक्समधल्या या चुका टाळा

केमिकल कायनेटिक्समधली, म्हणजे अभिक्रियांच्या वेगाच्या अभ्यासातली, सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्याच ओळीत होते. संतुलित समीकरणातले सहगुणक उचलायचे आणि रेट लॉमध्ये, म्हणजे पदार्थांच्या संहतीवरून (एकक आकारमानातल्या प्रमाणावरून) वेग सांगणाऱ्या सूत्रात, घातांक म्हणून बसवायचे. नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांची अभिक्रिया घ्या. समीकरणात प्रत्येकाचा एकेक रेणू आहे, म्हणून दोघांची ऑर्डर, म्हणजे रेट लॉमधला घातांक, एकेक वाटते. पण साधारण २२५ अंश सेल्सिअसच्या खाली मोजलं, तर नायट्रोजन डायऑक्साइडची संहती तिप्पट केल्यावर वेग नऊपट होतो. कार्बन मोनॉक्साइड दुप्पट केला तरी वेग तेवढाच राहतो. म्हणजे पहिल्याची ऑर्डर दोन, दुसऱ्याची शून्य!

कारण ही अभिक्रिया दोन पायऱ्यांत होते. आधी नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू आदळून नायट्रोजन ट्रायऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड बनतं. ही पायरी संथ. मग ट्रायऑक्साइड एक ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडला देतो, हे झटपट होतं. एकूण वेग संथ पायरी ठरवते आणि तिच्यात कार्बन मोनॉक्साइड नाहीच.

नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनच्या अभिक्रियेत मात्र सहगुणक दोन आणि एक, आणि ऑर्डरही दोन आणि एक. अशा उदाहरणांनीच चुकीची सवय पक्की होते. घातांक समीकरणावरून घ्यायची मुभा फक्त अभिक्रिया एकाच पायरीत घडते हे माहीत असेल तेव्हा. एरवी प्रयोगाचा तक्ता पाहायचा.

तक्त्यात एकच संहती बदललेल्या दोन ओळी शोधा. तशी जोडी नसेल तर आधी ज्याची ऑर्डर कळते त्याचा वाटा बाजूला काढा. दोन्ही संहती दुप्पट झाल्या, वेग आठपट झाला आणि पहिल्याची ऑर्डर दोन आहे, तर त्यातले चारपट त्याचे. उरलेलं दुप्पट दुसऱ्याचं, म्हणून त्याची ऑर्डर एक.

मग सहगुणक कशाला लागतात? वेग एका पदार्थावरून दुसऱ्यावर नेताना. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडचे दोन रेणू विघटित होतात तेव्हा ऑक्सिजनचा एक रेणू मिळतो, म्हणून पेंटॉक्साइड ऑक्सिजनच्या दुप्पट वेगाने संपतं. प्रश्नात ‘अभिक्रियेचा वेग’ दिलाय की ‘पेंटॉक्साइड संपण्याचा वेग’, हे न वाचता के, म्हणजे रेट लॉमधला वेग स्थिरांक, काढला तर उत्तर दोन पटींनी चुकतं. उत्तर असं नेमकं दुप्पट किंवा निम्मं आलं, तर आधी इथेच शोधा.

के चं एककही ऑर्डरप्रमाणे बदलतं. शून्य ऑर्डरला मोल प्रति लिटर प्रति सेकंद, पहिल्या ऑर्डरला नुसतं प्रति सेकंद, दुसऱ्या ऑर्डरला लिटर प्रति मोल प्रति सेकंद. एकक दिलेलं असेल तर ऑर्डर तिथेच कळते, हे फार जण विसरतात. ०.६९३ भागिले के हे अर्धायुष्याचं (पदार्थ निम्मा उरायला लागणाऱ्या वेळाचं) सूत्र फक्त पहिल्या ऑर्डरचं.

तापमानानुसार के कसा बदलतो हे सांगणाऱ्या आऱ्हेनियसच्या समीकरणात तापमान केल्व्हिनमध्येच हवं. सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) ५० किलोज्यूल प्रति मोल असताना २७ वरून ३७ अंशांवर गेलो, तर ३०० आणि ३१० घालून के साधारण १.९ पट वाढतो. सेल्सिअस तसेच ठेवले तर नैसर्गिक लॉगचंच उत्तर ६० च्या आसपास येतं, म्हणजे वेग अब्जावधी पटींच्याही कितीतरी पुढे! उलट के जवळजवळ बदललाच नाही, तर किलोज्यूलचे ज्यूल करायचे राहिलेत. समीकरणातला वायू स्थिरांक ८.३१४ ज्यूलमध्ये आहे.

प्रॅक्टिकलला सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घेतात; त्यातून गंधक तयार होऊन द्रावण गढूळ होतं, आणि भांड्याखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी व्हायला लागणारा वेळ मोजतात. हा वेळ म्हणजे वेग नव्हे; आलेखात एक भागिले वेळ घ्या. थायोसल्फेट कमी केलं की तेवढंच पाणी घालून एकूण आकारमान सारखं ठेवा. नाहीतर आम्लाची संहती बदलते, शिवाय द्रावणाची उंची कमी होऊन फुली झाकायला गंधकाची संहती जास्त लागते. त्या वाढलेल्या वेळाचा ऑर्डरशी काही संबंध नसतो.